अर्ध्या चेहऱ्यावरचे ठिपके

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा झाला तेव्हा त्यांच्या टेबलावर एक चेहरा अर्धाच राहिला होता. तिरोडीच्या खाणीत काम करणाऱ्या एका माणसाने चांदीचा पत्रा आणि गेलेल्या बायकोचा फोटो आणून दिला होता. मामाजींनी चेहऱ्याच्या रेषा कोरल्या, एक बाजू बारीक ठिपक्यांनी भरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला.

दवाखान्यातून घरी आले ते उजवा हात मांडीवर तसाच पडलेला घेऊन. बोलणं जड झालं होतं. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "तो चेहरा तू पुरा कर."

"मले कुठं येते मामाजी?"

लग्नानंतर मी त्यांच्याकडून भांड्यांवर नावं कोरायला शिकले होते. अक्षरं वेगळी. कुणाच्या गालाची गोलाई निव्वळ ठिपक्यांतून आणायची, हे मी कधी केलं नव्हतं.

त्यांनी मला तांब्याच्या पट्टीवर बसवलं. पोलादी कलम उभी धरायची, टोक टेकवायचं, किंचित फिरवायचं, उचलायचं. सावली हवी तिथे ठिपके दाट, उजेड हवा तिथे विरळ, आणि जिथे चमक हवी तिथे चांदी कोरीच सोडायची. मी करायचे आणि ते डाव्या हातात भिंग धरून बघायचे. "दाबू नको. टेकव फक्त." दिवसभरात हेच ऐकायचे. घरात जाऊन कणीक मळायला घेतली तरी बोटं आखडलेली असायची.

तांब्यावर जमायला लागलं तशी भीती वाढली, कारण आता चांदी घ्यावी लागणार होती. रेघ थोडी चुकली तर दुसऱ्या रेघेत मिसळता येते. ठिपका पडला की पडला. शिवाय शेजारची अर्धी बाजू मामाजींच्या हातची होती. तो हात पुन्हा चालेल असं डॉक्टरांनी कुठेच म्हटलं नव्हतं. मी बिघडवलं तर एका माणसाची बायको बिघडणार होती आणि मामाजींचं शेवटचं काम.

दुपारी खिडकीतून चांगला उजेड यायचा तेव्हा बसायचे. हनुवटी झाली. गाल झाला. डोळ्याखाली आले आणि बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला. कलम आत रुतली.

मी हात वर उचलला तो तसाच राहिला.

"काहून थांबली?" मामाजींनी विचारलं.

मी कलम खाली ठेवली. त्यांनी खुर्ची पुढे ओढायला लावली, पत्र्यावरून डाव्या हाताचा अंगठा फिरवला आणि नेमका त्याच जागी थांबवला. मला वाटलं, आता यांना पुन्हा काहीतरी होणार. मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिले, वाकडे होतायत का म्हणून.

"खोल गेला," ते सावकाश म्हणाले. "खरडू नको. खड्डा पडन. बाजूनं बारीक-बारीक टाक, मंग सावलीत जाईन."

"हात कापून राह्यला मामाजी."

"हौ, दिसते मले. कापू दे. टेकवतानी श्वास धर."

त्या डोळ्याखाली सावली जरा जास्तच झाली. फोटोत होती त्याहून ती बाई थकलेली दिसायला लागली. याहून हलकी करता येत नव्हती.

तो माणूस आला त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दाराआडच उभी होते. त्याने पत्रा दारातल्या उजेडात नेला. मग मी भरलेल्या बाजूवर बोट ठेवून म्हणाला, "इकडून थे आजारपणातली दिसते."

मी दाराच्या आणखी आड सरकले.

"सूनबाईनं केलं थे," मामाजी म्हणाले. "पुन्हा करायचं का?"

"नाही," तो म्हणाला. "तशीच होती थे शेवटी. राहू द्या." गमछ्यात पत्रा गुंडाळून तो गाडी गाठायला निघाला.

ते ऐकून मला बरं वाटलं की वाईट, अजून सांगता येत नाही. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. बाहेर आले तर मामाजी तांब्याची नवी पट्टी समोर ठेवून बसले होते. "डोळा पुन्हा कर," म्हणाले. मी बसले. कलम धरली, श्वास धरला आणि टोक टेकवलं.