शेवटच्या डब्यातलं नाव

सकाळी सहा चाळीसला सुरू झालं हे सगळं. पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावर आम्ही आया रोज शाळेच्या व्हॅनची वाट बघतो. रोज तिथंच उभं राहायचं म्हटल्यावर किस्से साचणारच. त्या दिवशी आम्हाला यायला जरा उशीर झाला, तर व्हॅन माझ्या परीसाठी थांबलीच नाही. मी अनवाणी मागं पळाले.

व्हॅनवाले गणेशभाऊ म्हणाले, "वहिनी, मोबाइलच्या यादीत नाव नाय तिचं. वाटलं सुट्टी आहे."

*

मोबाइलचा प्रोग्राम जूनमध्ये त्यांच्या लेकीनं, वैष्णवीनं बनवला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच लावला. कॉलेजात कॉम्प्युटर शिकते ती. म्हणाली, शाळेची यादी म्हणजे डब्यात डबा. गल्लीत घर, घरात पोरं. सगळे डबे उघडून नावं एका ओळीत मांडायची, आणि ज्याचं नाव त्याच्या घरी मेसेज.

"पण काकू, तुमचं एकत्र कुटुंब. घरात आधी दोन बिऱ्हाडं, मग पोरं. एक डबा जास्त. प्रोग्राम त्याच्या आधीच थांबला."

हे ऐकून जाऊबाई म्हणाल्या, "मग वेगळं राहा की!" दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी.

*

वैष्णवीनं अजून एक डबा उघडला. परी यादीत आली, तर मामाकडं राहणारा कदमांचा नातू राहिला. त्याचा डबा अजून आत. मला धास्तीच बसली. उद्या पुन्हा परी राहिली तर? मी वैष्णवीला सारखी फोन करायचे. शेवटी तिच्या सरांनी सुचवलं, आत डबा दिसला की तोच प्रोग्राम पुन्हा लाव, पोराचं नाव हाती लागेपर्यंत.

*

दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला सगळ्यांचे मोबाइल एकदमच वाजले. माझ्यावर आलं, 'परीला घ्यायला व्हॅन निघाली आहे.' कदम आजी तर नातवाचा मेसेज मोठ्यानं वाचून दाखवत होत्या. लई हसलो आम्ही.

तेवढ्यात रेहानाभाभी आल्या. त्यांचं घर आमच्याहून मोठं, चुलतदिरांसकट. उन्हाळ्यात त्यांचा अयान तापानं गेला, तेव्हापासून त्या कोपऱ्यावर येत नव्हत्या. शाळेच्या यादीतून त्याचं नाव काढायचं राहून गेलेलं. आजवर ते सगळ्यात आतल्या डब्यात झाकलेलं होतं.

त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. 'अयानला घ्यायला व्हॅन निघाली आहे.'

मी त्यांचा हात धरून म्हणाले, भाभी, आजच काढायला लावते.

त्या व्हॅनकडं बघत होत्या. गणेशभाऊंनी दार उघडलेलं, पण मान खाली.

"नक्को गं, परीची मम्मी," भाभी म्हणाल्या. "वैष्णवीला सांग, नाव काढू नको म्हणावं."