अगस्ती उगवेपर्यंत

लग्न होऊन मी जळगावला आले ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यात. लगेच मुलींच्या शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून रुजूही झाले. घरात आम्ही तिघंच. नवरा, मी आणि सासरे. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी जमीन मोजण्यात घालवली होती. समोरचा माणूस काय म्हणतो यापेक्षा मोजणीची साखळी काय सांगते यावर त्यांचा भरवसा होता.

गल्लीतल्या सगळ्या घरांना एकाच विहिरीचं पाणी होतं. मी यायच्या आदल्या वर्षी नवऱ्याला कावीळ झाली होती. तेव्हापासून डॉक्टरांनी पिण्याचं पाणी उकळायला सांगितलं होतं, आणि शेजारीही उकळू लागले होते. नानांनी ते मान्य केलं, पण आपली मुदत घालून. अगस्ती उगवला की पाणी आपोआप निर्मळ होतं, असं ते लहानपणापासून ऐकत आले होते. म्हणून भाद्रपदात पंचांगात ‘अगस्ती उदय’ लिहिलेला दिवस आला की उकळणं बंद. मला ही मुदत अगदी सोयीची होती. रोज पहाटे स्टोव्ह पेटवून दोन पातेली पाणी उकळायचं, गार करायचं आणि मग शाळा गाठायची, हे माझ्याकडेच होतं.

ती सोय मीच घालवली. पंचांगातला दिवस चारेक दिवसांवर आला होता. त्या दिवशी मी वर्गात प्राचीन इजिप्तबद्दल सांगून आले होते आणि जेवताना तेच घरी सांगत बसले. व्याधाचा तारा सत्तर दिवस सूर्याच्या उजेडात हरवतो. मग एका पहाटे, सूर्य उगवायच्या जरा आधी, तो पूर्वेला क्षणभर दिसतो. तिथले पुजारी त्याची वाट बघत, कारण तो दिसला की नदीला पूर येई आणि नवं वर्ष सुरू होई. आपला अगस्ती तसाच, मी म्हणाले. तोही उन्हाळ्यात नाहीसा होतो आणि पाऊस सरता सरता पहाटे परत येतो. पण तो सगळीकडे एकाच दिवशी दिसत नाही. दक्षिणेकडे आधी दिसतो, आपल्याकडे मागून. पंचांगातला दिवस आकडेमोडीचा, खरा उदय डोळ्यांनी बघायचा.

नानांनी घास हातातच धरला.

“म्हणजे जागेवर जाऊन मोजणी झालेलीच नाही,” ते म्हणाले. “मग डोळ्यांनी दिसेपर्यंत पाणी उकळायचं.”

नवरा माझ्याकडे बघून हसला. पातेली त्याला उचलायची नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून नाना पावणेपाचला मला हाक मारू लागले. जाणकार म्हणून मी गच्चीवर हजर असणं भाग होतं. पंचांगातला दिवस आला आणि ढगांत गेला. पुढचे दहा दिवसही तसेच. अकराव्या पहाटे आभाळ मोकळं झालं आणि आग्नेयेला एक ठळक तारा लखलखताना दिसला. नानांनी हात जोडले. मी नुसती गप्प राहिले असते तरी माझी सुटका झाली असती. पण मी पडले शिक्षिका. तोंडातून निघून गेलं, “नाना, हा व्याध. अगस्ती याच्या उजवीकडे, खूप खाली, दक्षिणेला.”

दक्षिणेला कडुलिंब होता आणि त्यामागे कापसाच्या जिनिंगची शेड. नाना त्या शेडकडे बघून म्हणाले, शनिवारी अक्काकडे जाऊ.

अक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. चोपड्याजवळच्या खेड्यात ती एकटीने शेती आणि दोन म्हशी सांभाळत होती. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने आम्ही पोचलो. पहाटे तिच्या घरामागच्या शेतात जाऊन उभे राहिलो. मूग काढून झाल्याने शेत रिकामं होतं. पाठीशी सातपुडा आणि समोर तापीपर्यंत सपाट जमीन. अर्घ्य द्यायला नानांनी पाण्याचा तांब्या धरला होता.

तो दिसला. क्षितिजाच्या थोडा वर, लुकलुकणारा, दवातून बघावा तसा. फळ्यावर मी कितीतरी तारे काढले होते, पण असा वाट बघून एकही पाहिला नव्हता. नानांनी घाईने तांब्या कलंडवला आणि अर्घ्यातलं निम्मं पाणी त्यांच्या धोतरावर पडलं.

तेवढ्यात अक्का दुधाची बादली घेऊन गोठ्यातून आली. आम्ही कुठे बघतोय ते तिने पाहिलं.

“तो शे ना? आठ दिन व्हयनात, रोज दिसस,” ती म्हणाली. “माले कोनी इचारंच नही.”

घरी परतल्यावर नानांनी पाणी निर्मळ झाल्याचं जाहीर केलं आणि स्टोव्ह थंड पडला. तीन दिवस मी सुखाने झोपले.

चौथ्या दिवशी शाळेत मुलींना सूक्ष्मदर्शक दाखवायचा होता. थेंब हवा म्हणून मी डब्यासोबतच्या बाटलीतलं घरचं पाणी काचपट्टीवर ठेवलं. मुली एकेक करून बघत होत्या आणि खूश होत होत्या. शेवटी मी डोळा लावला. बारीक जीव मजेत इकडून तिकडे पोहत होते. अगस्ती उगवल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसत नव्हती.

नानांना हे सांगायचं मी संध्याकाळपर्यंत ठरवत होते. घरी आले तर ते पेला हातात घेऊन शेजाऱ्यांना सांगत होते, की सुनेने तारा दाखवला, आता पाण्याची चव बघा. ‘सुनेने’ हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. मी आत जाऊन बाटलीतलं उरलेलं पाणी मोरीत ओतलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा पहाटे उठू लागले. नानांचं तारा बघणं संपलं होतं, ते सहापर्यंत झोपत. दार लोटून मी पाणी उकळायचे, गार करून माठात ओतायचे आणि स्टोव्ह जागेवर ठेवायचे. नाना दिवसभर ते पाणी पीत आणि अगस्तीचे गुण सांगत.

त्यांचं ऐकून शेजाऱ्यांनीही उकळणं बंद केलं. दिवाळीच्या आधी त्यांच्या घरात दोघं काविळीने आडवे झाले. नाना भेटून आले, हळहळले आणि मला म्हणाले, “त्यांनी तारा कुठे बघितला होता? आपल्या सांगण्यावरून बंद केलं. ऐकीव गोष्टीवर असं करू नये.”

शेजारीण मला एकटीला गाठून विचारायला आली, तुमच्याकडे कोणाला कसं काही झालं नाही? तिला मी खरं ते सांगितलं. मला वाटलं, आता भांडेल, आणि तिचा तो हक्कच होता. पण तिच्या घरीही सासरे होते. स्टोव्हचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून मी काय करते, एवढंच तिने विचारलं.