आमच्याकडे असतंच ते

डेपोत तिला सगळे 'तोफ' म्हणायचे, ते तिच्या तोंडामुळे. बसला आडवी मोटार घालणाऱ्याला ती ड्रायव्हरच्या खिडकीतून असं काही सुनावायची की मागच्या प्रवाशांची फुकटात करमणूक व्हायची. पण दुसऱ्यांदा गर्भपात झाला आणि ही तोफ थंडावली.

"दिवसभर धक्के खात बसायचं आणि वर मूल टिकावं म्हणायचं," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहिल्या महिन्यांत होतं असं कधीकधी. मनाला लावून घेऊ नका." आणि तिचे वडील, सायकलदुरुस्तीच्या दुकानातून हात पुसत आलेले, म्हणाले, "मी तेव्हाच सांगत होतो. बस चालवणं बाईमाणसाचं काम नव्हे."

तिसऱ्या वेळी तिनं स्टिअरिंग सोडलं. रजा टाकून पलंगावर पडून राहिली. खोकलासुद्धा दाबून खोकायची. नवरा बेकरीतून पहाटपाळी करून यायचा आणि तिला पाण्याचा तांब्याही उचलू द्यायचा नाही. तरी एका सकाळी न्हाणीघरात सगळं संपलं. मग मात्र तिला कळेना, आता दोष कुणाला द्यायचा. तिनं तो स्वतःला दिला.

पुढे आत्याचा पाय सुजला. चांगला टम्म, तांबडालाल. तिनंच आत्याला दवाखान्यात नेलं. रक्ताची गुठळी निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास?"

"आमच्याकडे असतंच ते," आत्या खाटेवरून सहज म्हणाली. "आईला होतं. माझीही दोन पोटातच गेली, लेक व्हायच्या आधी. आणि दादाच्या तर फुप्फुसातच गुठळी गेली होती."

"कुठल्या दादाच्या? बाबांच्या?" ती उडालीच. "बाबांना न्यूमोनिया झाला होता!"

"न्यूमोनिया सांगायचं ठरलं होतं गं. तुझं लग्न व्हायचं होतं ना."

ती तडक दुकानात गेली. वडील चाकाचा आस काढत होते.

"बाबा, तुम्हाला तेव्हा काय झालं होतं?"

त्यांनी पाना खाली ठेवला.

"तुझ्या भल्यासाठीच केलं. कळलं असतं तर कुणी दारात उभं केलं नसतं तुला."

"आणि लग्नानंतर? पहिलं गेलं तेव्हा? दुसरं गेलं तेव्हा? तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही खुशाल माझ्या नोकरीच्या नावानं खडे फोडत होतात!"

"हळू बोल. गिऱ्हाईक आहे."

"ऐकू दे गिऱ्हाईकाला! माझी तीन गेली, बाबा. मी खोकायलासुद्धा घाबरत होते!"

गिऱ्हाईकानं गुपचूप आपली सायकल ढकलत नेली.

तपासण्या झाल्या. रक्त गोठण्याचा दोष तिच्यातही होता, बापाकडून आलेला. रक्ताच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "तिन्ही याच्यामुळेच गेली, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कारण दुसरंही असू शकतं. पण गरोदरपणात तुमच्या स्वतःच्या जिवाला गुठळीचा धोका होता. तिन्ही वेळा."

घरी येऊन तिनं भांडी आदळली. धड गुन्हेगारही हाती लागू नये! पण तिचा जीव जाऊ शकला असता, हे तरी पक्कं होतं. आणि बापाला ते ठाऊक होतं, हेही.

चौथ्या खेपेला नवऱ्यानं रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन पोटात द्यायला शिकून घेतलं. कणिक मळणारा धिप्पाड गडी, पण सुई धरली की घामाघूम व्हायचा. तिचं पोट काळंनिळं पडलं. मध्येच रक्तातल्या प्लेटलेट्स घसरल्या. आधी रक्त गोठण्याची भीती, आता वाहू लागलं तर न थांबण्याची. डॉक्टरांनी पुन्हापुन्हा तपासलं, औषध बदललं, आकडा सावरला. त्या दिवसांत ती सगळ्यांवर डाफरायची, अगदी सासूबाईंवरही. त्या मात्र ऐकून घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "बसला उगाच बोलले मी." तिनं ते ऐकून घेतलं. "असू दे" मात्र म्हणाली नाही.

मुलगी झाली. किडकिडीत, पण आवाज खणखणीत.

बाळाला बघायला माहेरची मंडळी जमली. लग्न झालेली चुलतबहीण आली होती, आणि नुकतंच लग्न ठरलेली आत्याची मुलगीही. वडिलांनी आपल्या लेकीला दाराआड गाठलं. "आजच्या दिवशी तो विषय नको. पोरीचं जमलंय, मोडेल."

ती बाहेरच्या खोलीत आली आणि सगळ्यांसमोर, बाळाला खांद्यावर घेऊन म्हणाली, "आपल्या रक्तात गुठळ्या होण्याचा दोष आहे. बाबांना आहे, आत्याला आहे, मला आहे. बाबांनी तो लपवला. ज्यांना ज्यांना मुलं व्हायचीत, त्यांनी आधी डॉक्टरांना हे सांगायचं. आणि ज्याला हे ऐकून लग्न मोडायचंय, त्यानं आत्ताच मोडावं. पीडा टळेल."

वडील चप्पल घालून निघून गेले. कुणी त्यांच्या मागे गेलं नाही.

ती स्वयंपाकघरात गेली, तशी चुलतबहीण मागोमाग येऊन तिच्याजवळ उभी राहिली. "ताई, माझंही एकदा गेलंय. कुणाला बोलले नाही."

तिच्या डोक्यात पुन्हा सणक गेली, या वेळी सगळ्या घराण्यावर. बाळाला तिनं बहिणीच्या हातात दिलं आणि रक्ताच्या डॉक्टरांना फोन लावला.