कॅरिअरवरचा लंबू

सायकल एक आणि माणसं दोन, इथपर्यंत काही बिघडत नव्हतं. पुष्कळ घरांत असंच असतं. पण त्या दोघांतला एक ताडमाड आणि दुसरी जेमतेम त्याच्या खांद्याला लागणारी, त्यामुळे सायकलचे हाल होते. त्याच्या उंचीला सीट लावली तर तिचे पाय पेडलला पुरत नसत, आणि तिच्या उंचीला लावली तर त्याचे गुडघे हनुवटीशी गप्पा मारत. म्हणून दोघांनी एक नियम केला होता. जो उतरेल त्याने दुसऱ्याची सीट लावून ठेवायची. सीटखाली एक कळ होती. ती अंगठ्याने जोर लावून उलटवायची, सीट वरखाली करायची आणि कळ पुन्हा आवळायची. काम चुटकीसरशी होणारं होतं. पण सकाळच्या घाईत जिना उतरून यावं आणि सीट आपल्या उंचीला लागलेली असावी, याचं तिला रोज नव्याने बरं वाटायचं. काल एवढा दमून आला तरी विसरला नाही, असं ती मनाशी म्हणे आणि कॉलेजला निघे.

ती भूगर्भशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. पाठीवर सदा दगडांच्या नमुन्यांची पिशवी आणि पिशवीत हातोडी. त्यावरून तो तिला दगडूबाई म्हणायचा, आणि तो तिच्यासाठी पहिल्या दिवसापासून लंबू होता. तो त्याच कॉलेजात दुपारच्या वर्गांना जायचा आणि संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात फ्रेमचे बारीक स्क्रू बसवायचा. तिचे तास संपले की कॉलेजच्या फाटकापाशी सायकल त्याच्या हातात जायची, आणि ती चालत घरी यायची. घर म्हणजे शिंपीणबाईंच्या दुकानावरची एक खोली. लग्न परीक्षेनंतर करायचं ठरलं होतं. दोन्हीकडच्या घरांना सगळं ठाऊक होतं आणि दोन्ही घरं मूग गिळून गप्प होती. खोलीत एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. एकाने खुर्चीवर बसून अभ्यास केला तर दुसऱ्याने खाटेवर. भांडण झालं तर रुसून जायला दुसरी खोली नाही, त्यामुळे भांडणं लवकर मिटायची.

अशात एका सकाळी ती खाली आली तर सीट उंचच होती. विसरला असेल, म्हणून तिने ती खाली घेतली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आता ही मुलगी मुळात नाकावर राग असलेली. त्यातून कुणावर चिडली तर ते सांगायची तिला सवय नव्हती, समोरच्याने ओळखावं अशी तिची अपेक्षा असायची. आपली सीट लावायला जड जातंय याला, म्हणजे आपणच जड झालो, असा हिशेब तिने मनाशी मांडला. मग तिनेही फाटकापाशी त्याची सीट वर करणं सोडून दिलं. बघू किती दिवस बोलत नाही ते.

तो बोललाच नाही. गुडघे बाहेर काढून, बेडकासारखा बसून, तो तशीच सायकल मारत दुकानात जायचा आणि यायचा. एकदा फाटकापाशी पोरं त्याला हसली तर तोही त्यांच्याबरोबर हसला. हे पाहून तर तिचं डोकं फिरलं. त्या संध्याकाळी तो येईपर्यंत ती खाली दुकानाच्या पायरीवरच बसून राहिली.

"तुला झालंय तरी काय?" तो सायकलवरून उतरताच तिने विचारलं. "एक साधी सीट, तीही तुला लावता येत नाही?"

"लावतो ना. राहून गेलं."

"मग आता लाव. माझ्यासमोर. वर कर आणि परत खाली कर."

त्याने कळीला अंगठा लावला. अंगठा सरकला. पुन्हा लावला, पुन्हा सरकला. मग त्याने दोन्ही हातांनी कळ धरली. बोटं तिच्याभोवती नुसती ठेवल्यासारखी होती, त्यांत आवळणं नव्हतं. कपाळावर घाम आला तरी तो ओढतच राहिला, आणि ती पाहत राहिली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"झाले काही दिवस. दुकानात स्क्रूही हातातून पडतात. दुकानवाले काका चांगले आहेत, स्वतः बसवतात आणि काही बोलत नाहीत."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुझी परीक्षा आहे," तो म्हणाला. "आणि तू तर माझ्याशी बोलतच नव्हतीस."

तिला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. इतके दिवस आपण या माणसाला बेडूक करून फिरवलं, हे ती पुढे कधीच विसरली नाही.

डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या केल्या आणि शेवटी सरळच सांगितलं. नसांचा आजार आहे, हातांपासून सुरू झालाय, पुढे पायांत उतरेल. औषधाने वेग कमी होईल, पण गेलेलं परत येणार नाही. दोघं दवाखान्यातून बाहेर आली तेव्हा सायकल तिच्या उंचीलाच होती. तो निमूटपणे मागे कॅरिअरवर बसला. त्या दिवसापासून सीट पुन्हा वर गेली नाही.

रोजचं जगणं बदललं, पण थांबलं नाही. सकाळी ती त्याच्या शर्टाची बटणं लावायची, मग खाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या बांधायची. तो वरून शेरे मारायचा, "डावी सैल झाली, दगडूबाई. दगड फोडणाऱ्या बाईची गाठ अशी?" त्याला कॉलेजात सोडायचं, वर्ग संपले की आणायचं. चष्म्याचं दुकान सुटलं होतं. त्याचे पाय इतके लांब की कॅरिअरवर बसला की जमिनीला टेकायचे. "लंबू, पाय उचल," ती सारखी ओरडायची. तो "उचलले" म्हणायचा, आणि थोड्या वेळाने बुटाचा आवाज पुन्हा यायचाच.

खरी पंचाईत चढाची होती. चौकापासून खोलीपर्यंत रस्ता चढत जायचा आणि लाँड्रीच्या पुढे तर छातीवर यायचा. घोडं नेहमी तिथेच पेंड खायचं. लाँड्री आली की तिचा दम संपायचा, दोघं उतरायची आणि सायकल ढकलत वर जायची.

दुसऱ्या गावच्या त्याच्या थोरल्या बहिणीला कळलं तशी ती येऊन गेली. बाई सरळ मनाची. तिचं घर तळमजल्यावर, घरात माणसं पुष्कळ. "याला माझ्याकडे नेते म्हणतेय मी," ती म्हणाली. "तुझं वय काय, पोरी? तुझं शिक्षण, तुझी नोकरी. उद्या याचे पाय गेले की या जिन्यावरून उचलून नेणार आहेस का?" बोलणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तिला ते झोंबलं.

बहीण गेल्यावर तो म्हणाला, "ताई बरोबर बोलतेय."

"काय बरोबर बोलतेय? मी आणि हा जिना बघून घेऊ."

"जिना राहू दे. तो लाँड्रीपुढचा चढ मला घेऊन चढून दाखव आधी."

तो चेष्टेत बोलला होता. पण ही जिद्दी, तिने शब्द पकडला. "चढते. परीक्षा संपायच्या आत न उतरता चढले तर तू ताईकडे जायचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही चढलीस तर?"

"तर जा," ती म्हणाली. नाही चढलो तर, हा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. शहाण्या माणसाने असल्या गोष्टीवर पैज लावावी का? पण दोघांनाही रडत बसण्यापेक्षा पैज बरी वाटली.

मग रोजचा तोच उद्योग. सकाळी एकटीने चढ घ्यायचा, मग दगडांची पिशवी कॅरिअरला बांधून घ्यायचा, आणि त्याचे वर्ग सुटले की त्याला घेऊन. पिशवी चढायची. लंबू चढायचा नाही. लाँड्री मागे पडायची, विजेचा खांब यायचा, तिथून वर शिंपीणबाईंचं दुकान दिसायचं, आणि नेमकी तिथे सायकल मागे खेचल्यासारखी जड व्हायची. लाँड्रीवाला इस्त्री थांबवून बघायचा. दुकानातून शिंपीणबाई ओरडायच्या, "मार, पोरी, मार, आलीसच." ती हँडलवर वाकून सगळं अंग पेडलवर टाकायची. मागे बुटाचा आवाज येत असायचा, आणि पाय उचल म्हणायलाही तिच्या छातीत श्वास उरलेला नसायचा.

"आज खांबाच्या पुढे गेलीस," तो सायकलवरून उतरून म्हणायचा. त्याचा चेहरा तेव्हा असा व्हायचा की तिला वाटायचं, याला आपल्यापेक्षा जास्त वाईट वाटतंय.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी ती त्याला घेऊन निघाली. चौकातूनच वेग घेतला. लाँड्री गेली, खांब गेला. दुकानाची पाटी वाचता येईल इतकी ती वर आली. शिंपीणबाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या. आणि तिथे सायकल थांबली. अगदी हळू थांबली आणि कलली. तिने पाय टेकला आणि हँडलवर डोकं ठेवून ती रडली. तो खाली उतरून बाजूला उभा राहिला. त्याने हात तिच्या पाठीवर ठेवला. त्या हाताला आता थोपटता येत नव्हतं, नुसतं ठेवता येत होतं.

"उद्या पुन्हा बघू," ती म्हणाली.

"परीक्षेपर्यंत ठरलं होतं," तो म्हणाला.

तिने भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. तो बधला नाही. बहीण आली ती त्याच्यासाठी बिननाडीचे बूट घेऊनच आली. जुने बूट खाटेखाली राहिले. निघताना तो म्हणाला, "दगडूबाई, सीट खालीच ठेव आता." बस सुटल्यावर ती एकटीच सायकल घेऊन परतली. चढ आला आणि काही कळायच्या आत संपलाही. इतका सोपा चढ तिला कधी लागला नव्हता, आणि त्या सोपेपणाचा तिला फार राग आला.

तिला नोकरी लागली, एका माती-परीक्षणाच्या प्रयोगशाळेत. कामावर जायचं, यायचं, आठवड्यातून एकदा त्याला फोन. त्याची बहीण फोन त्याच्या कानाशी धरायची, त्यामुळे बोलणं कधी हवापाण्याच्या पुढे गेलं नाही. दिवस असेच चालले होते. एका संध्याकाळी ती चौकात आली तर शिंपीणबाई रस्त्याच्या कडेला बसलेल्या. पाय मुरगळला होता.

"बसा मागे," ती म्हणाली.

"अगं, मी केवढी, तुझी सायकल केवढी. लंबूच्या दीडपट आहे मी."

"लाँड्रीपर्यंत तरी नेते. पुढे बघू."

शिंपीणबाईंनी साडी आवरली आणि त्या जीव मुठीत धरून, दोन्ही पाय पोटाशी घेऊन कॅरिअरवर बसल्या. चढ लागला. मांड्या भरून आल्या, दम लागला. लाँड्री गेली, खांब गेला. आता थांबणार, आता थांबणार, असं ती म्हणत होती आणि सायकल थांबत नव्हती. दुकानाच्या दारात पोचून तिने ब्रेक लावला.

शिंपीणबाई उतरल्या आणि तिच्याकडे बघत राहिल्या. "चढलीस की गं," त्या हळूच म्हणाल्या. "मला घेऊन चढलीस."

सायकल तशीच भिंतीला टेकवून ती जिना चढली आणि खाटेखालचे बूट तिने बाहेर ओढले. वरून ते चांगलेच होते. तिनेच शेवटच्या दिवशी सोडलेल्या नाड्या तशाच पडल्या होत्या. तिने बूट उलटे केले. दोन्ही टाचा मागच्या बाजूने घासून पार आतल्या कापडापर्यंत गेल्या होत्या. चालून टाच अशी झिजत नाही, आणि तो चालत तरी किती होता? रोज हे बूट तिच्याच हातात असायचे. ती फक्त नाड्या बघत होती.

तिने फोन लावला. बहिणीने उचलला आणि त्याच्या कानाशी धरला.

"मी चढले," ती म्हणाली.

"कुठे?"

"चढ. शिंपीणबाईंना मागे घेऊन, न उतरता. त्या पाय उचलून बसल्या होत्या."

तो म्हणाला, "बूट बघितलेस?"

"हातात आहेत. असं का केलंस?"

"तू वर पोचली असतीस तर मला राहावं लागलं असतं."

"राहायचं नव्हतं तुला?"

"फार राहायचं होतं," तो म्हणाला. "त्या शेवटच्या दिवशी तर पाय खाली जाईचना. तू इतकी जवळ आली होतीस. एकदा वाटलं, उचलूनच घ्यावेत. मग तुला माझ्यासाठी जिन्यावर अशीच धापा टाकताना डोळ्यांसमोर आणलं, आणि टेकवले."

तोंडावर दाबायला पदर नव्हता म्हणून तिने बाहीच दाबली. मागे त्याच्या बहिणीचं नाक ओढणं ऐकू येत होतं. आपण फोन धरायला बसलोय हे ती बिचारी विसरली असावी.

"मी येते उद्या तिकडे," ती म्हणाली.

"येऊ नकोस, दगडूबाई. माझे पाय गेले गेल्या आठवड्यात. आता तू कुठलीही पैज लावलीस तरी मला थांबवता यायचं नाही."

"म्हणूनच येते," ती म्हणाली. बहिणीने फोन आपल्या कानाला लावला आणि सकाळची पहिली बस कुठून सुटते ते तिला सांगितलं.