मालूच्या तीनशे बारा टेस्ट

१९९३ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीने स्वतःची संगणकभाषा बनवली. जुन्या नोंदी एका साच्यातून दुसऱ्या साच्यात न्यायच्या, एवढंच तिचं काम. ती कुठे चुकते ते शोधायचं काम चेंदणी कोळीवाड्यातल्या मालूकडे होतं. सात महिने ती एकटी खपली. चार ओळींचा प्रोग्रॅम लिहायचा, उत्तर काय यायला हवं ते आधी हाताने काढून ठेवायचं, मग मशीनचं उत्तर ताडून बघायचं. अशा तीनशे बारा टेस्ट झाल्या. एकच नापास होती. रकाना रिकामा असला की ही भाषा त्यात वरच्या ओळीतला मजकूर भरायची.

पहिलं गिऱ्हाईक होतं कल्याणचं एक हॉस्पिटल. म्हणजे ज्याचा रक्तगट लिहिलेला नाही, त्याला वरच्या पेशंटचा रक्तगट चिकटणार. ही चूक काढल्याशिवाय भाषा देऊ नका, असं मालूने साहेबांना, सुधीरना, दोनदा बजावलं होतं.

सोमवारी येऊन बघते तर सगळ्या पास. ती खूश झाली. मग फाइल उघडली. भाषा होती तशीच होती. बदललं होतं ते तिने काढून ठेवलेलं उत्तर. रिकाम्या जागी कुणीतरी ‘बी पॉझिटिव्ह’ टाइप केलं होतं.

तिचं डोकं सणकलं. तशीच ती केबिनमध्ये गेली.

“सर, उत्तर तुम्ही बदललंत?”

“उद्या डेमो आहे. पुढच्या व्हर्जनला बघू.”

“आणि तोवर कुणाला भलतंच रक्त चढलं तर?”

“मालू, तू टेस्ट लिही. काय द्यायचं ते मी ठरवतो.”

दुसऱ्या दिवशी डेमोच्या वेळी तिला मागच्या खोलीत बसायला सांगितलं होतं. ती बसली नाही. हॉस्पिटलच्या डॉक्टर सुमतीबाईंसमोर तिने सरळ मशीनमध्ये फ्लॉपी घातली. “मॅडम, एक टेस्ट राहिलीय.”

स्क्रीनवर दोन नावं आली. बाईंनी चष्मा सावरला. “ह्या दुसरीचा रक्तगट कागदावर नाहीये. मग इथे कुठून आला?”

“वरच्या बाईचा उचललाय,” मालू म्हणाली.

हॉस्पिटलने काम थांबवलं. चूक नऊ दिवसांत दुरुस्त झाली. मालूला मात्र मॅन्युअलच्या प्रती बांधायला बसवलं. महिन्याभरात तिने राजीनामा दिला आणि डोंबिवलीत दुसरी नोकरी धरली. जायच्या आधी बांधलेल्या प्रतींत शेवटच्या पानावर छापलं होतं, टेस्टिंग: सुधीर.

“नाव नाही तर नाही, दे सोडून आता,” जेवताना आई आवडाबाई म्हणाली.

“नाही सोडत,” मालू म्हणाली, आणि ताटावरून उठली.