बानाबाईचा डावा हात

क्रांती चौकात रुद्रराजचं चाळीस फुटी पोस्टर लागलंय. उघडी छाती, हातात कुऱ्हाड, मागं जळती गाडी. फुलंब्रीच्या बसमधून ते दिसलं की माझ्या तोंडून निघतंच, "थू तुझ्या जिनगानीवर!" शेजारची बाई दचकते. दचकू दे.

हा मारधाडीच्या पिच्चरचा हिरो म्हणजे आमच्या पिशोरच्या साहेबरावांचा पोरगा, राजकुमार. मुलाखतीत सांगत फिरतो की सोळाव्या वर्षी त्यानं नुसत्या हातानं बिबट्या हाकलला अन् एका धनगराच्या बाईचा जीव वाचवला. ती बाई म्हणजे माझी माय, बानाबाई. मी तिची लेक शीला. तेव्हा आठ वर्षांची होते, अन् तिथंच होते.

चैत्र होता. साहेबरावांच्या मोकळ्या रानात आमची मेंढरं बसवली होती. रानाला लेंडीखत मिळतं, बदल्यात मालक ज्वारी देतो, अशी आमच्या लोकांची रीत. बाप बाजाराला गेलेला. भरदुपारी राजकुमार छऱ्याची बंदूक मिरवत होले मारायला आला. मूठभर पाखरू ते! तेही त्याला एक पडलं नाय.

तेवढ्यात भुंकणारं कुत्रं एकदम गप झालं. मायनं मान वर केली. बांधावरच्या झुडपातून बिबट्या निघाला अन् सरळ कोकरांवर आला. राजकुमारानं बंदूक टाकली अन् विहिरीवरच्या मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत घुसला. मी आतच खेळत होते. त्यानं कडी घातली, दाराला पाठ लावून बसला. बाहेरून मायनं दोनदा दार बडवलं. "छोटे मालक, उघडा हो! माझ्यामागं आलंय!" मी कडीला लोंबकळले, त्याच्या दंडाला चावले. हलला नाय मुडदा. नाकातोंडातून पाणी गळत होतं नुसतं.

पत्र्याच्या फटीतून मी बघितलं. मायनं घोंगडी डाव्या हाताला गुंडाळली अन् तो हात जनावराच्या जबड्यात दिला. स्वतःहून दिला! उजव्या हातात कुऱ्हाड. पहिला घाव हुकला. दुसरा त्याच्या खांद्यावर बसला. त्यानं हात सोडला अन् लंगडत ओढ्याकडं गेला. माय मटकन खाली बसली अन् आधी कोकरं मोजली.

गाव धावत आलं. साहेबरावांनी विचारलं, काय झालं? राजकुमार तोवर बाहेर येऊन बंदूक हातात घेऊन उभा होता, निलाजरा. अन् माझ्या मायनं सांगितलं, "छोट्या मालकांनी वाचवलं." ज्याच्या रानात मेंढरं बसली, त्याच्या घरची अब्रू चव्हाट्यावर मांडायची नाय, हे तिच्या रक्तातच. पोरगं भ्यालं, भितंच माणूस, असं ती माझ्या बापाला म्हणाली. आठ दिवसांत आपला तळ हलंल, गाव विसरून जाईल. कसलं विसरतंय! पंचायतीत शाल-नारळ झालं, पेपरात फोटो आला, अन् तो पेपर खिशात घालून हे येडं मुंबईला गेलं.

मायनं घाटीच्या सरकारी दवाखान्यात दीड महिना काढला. त्या हाताची मूठ परत वळली नाय. तेव्हापासून भाकरी एका हातानं थापते, मेंढरू खुरानं अधू असलं की त्याला दातानं पट्टी बांधते. तिला कुणी शाल दिली नाय. तिनं मागितलीही नाय.

गेल्या महिन्यात या हिरोच्या बालपणावर मालिका करायला लोक पिशोरला आले. मायला कॅमेऱ्यापुढं बसवायचं होतं. मी आदल्या आठवड्यापासून तिच्या मागं लागले, "आता तरी खरं सांग. तुझ्या जीवावर मोठा झालाय भाड्या." तिनं दोन दिवस विचार केला. मग म्हणाली, "सांगते. पण तू माझ्याजवळ ऱ्हा. तूच एक बघणारी हाईस."

अख्खं गाव जमलं. काळा चष्मा लावून रुद्रराज आला, कॅमेरा सुरू झाल्यावरच मायच्या पाया पडला. प्रांजली नावाच्या डायरेक्टर बाईनं विचारलं, "आजी, त्या दिवशी यांनी काय केलं?"

माय म्हणाली, "काय नाय केलं. आत कडी लावून बसलं व्हतं. म्या हाकललं."

मग रुद्रराज गोड हसला. "वय झालं आजींचं." साहेबराव मागून बोलले, "म्हातारीला भ्रम झालाय." दोघंचौघं हसले. माय हसली नाय. तिनं माझ्याकडं बोट केलं, "माझी लेक आत व्हती. तिला इचारा."

कॅमेरा माझ्याकडं वळला. साहेबराव माझ्याकडं बघत होते. माझी अंगणवाडीतली मदतनिशी त्यांच्याच शब्दावर लागलेली. नवरा बिभीषण त्यांच्याच गोठ्यावर कामाला. चोवीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या दिल्या, बसमध्ये, चुलीपुढं, झोपेत. जीभ माझी कधी अडखळली नव्हती.

मी म्हणाले, "हो. यांनीच वाचवलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुद्रराजनं माझ्या डोक्यावर हात ठेवला अन् मी ठेवू दिला.

घरी जाताना माय पुढं चालत होती. वळून न बघता म्हणाली, "तवा तू आठ वर्साची व्हतीस. आज किती वर्साची हाईस गं?"

मी बत्तीस म्हणाले.