गणपत फायरमनची धडधड

आमच्या दौंडच्या रेल्वे लायनीत दोन घरांमधली भिंत एका विटेची. अलीकडं फोडणी पडली की पलीकडं शिंक येते. त्यामुळं किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही, ते आपणहून चुलीपाशी येऊन बसतात. लोक मला भोचक म्हणतात. म्हणोत बापडे! चौथी शिकलेल्या बाईनं वाचायचं तरी काय? मी शेजार वाचते.

पलीकडच्या घरात गणपत फायरमन आणि त्याची बायको तारा. गणपत म्हणजे दारातून वाकून येणारा गडी. इंजिनाच्या भट्टीत कोळसा असा मारायचा, की भट्टीनंच 'बास बाबा' म्हणावं. आगीला भीत नाही, वाफेला भीत नाही, रुळावर आडव्या पडलेल्या सापाला भीत नाही. भ्यायचा तो साहेबाला! आणि ड्रायव्हर व्हायचं तर साहेबापुढं तोंडी परीक्षा. तीनदा बसता येतं. तिसऱ्यांदा आपटला, तर जन्मभर हातात फावडं.

*

पहिली परीक्षा शेडमधल्या शिपायानं दाराआडून ऐकली आणि मी शिपायाकडून.

साहेबानं विचारलं, "चढाव पे गाडी थक गयी, तो क्या करोगे?"

"जी साब."

"ब्रेक कब लगाओगे?"

"जी साब."

शेवटी साहेब वैतागला. "अरे, नाम तो बताओ!"

"जी साब!"

घरी आल्यावर तारानं विचारलं, "येत नव्हतं का काई?"

"समदं येत व्हतं गं," गणपत म्हणाला, "निस्तं तोंड संगं आलं न्हाई."

*

ताराचं दुखणं वेगळंच. आमच्याकडं प्रत्येक ड्रायव्हरची शिट्टी निराळी. गाडी बाहेरच्या सिग्नलला आली की कुणी एक लांब मारतो, कुणी दोन आखूड. ती ऐकून ज्याची त्याची बायको तवा टाकते. नवरा हातपाय धुऊन बसेस्तोवर भाकरी फुगलेली! फायरमनच्या बायकोला शिट्टी नाही. गणपत आप्पा ड्रायव्हरांच्या इंजिनावर, म्हणून तारा त्यांच्या शिट्टीवर तवा टाकायची. "दुसऱ्याच्या शिट्टीवर किती दिस भाकरी थापू, काकू?" म्हणून माझ्यापाशी रडायची.

एकदा आप्पांना दया आली. म्हणाले, "गणप्या, आज तू मार शिट्टी." गड्याला वाजवायची कशी हेच ठरवता येईना. मारली आपली वेडीवाकडी, लांबच लांब! लायनीतल्या बायका बाहेर. एकीला वाटलं नवरा रागात आहे, दुसरीला वाटलं पिऊन आलाय, तिसरीला वाटलं बढती मिळाली. सगळ्यांनी तवे टाकले. एकटी तारा ओट्यावर गहू निवडत बसलेली!

*

मग मिशनच्या दवाखान्यातल्या रूथबाई नर्सनी मनावर घेतलं. नाडी बघितली, डोळे बघितले आणि म्हणाल्या, "गणपतभाऊ, आजार काही नाही. भीती आधी श्वासात शिरते, मग जिभेवर बसते. साहेबांनी विचारलं की घाई करू नका. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, मग बोला."

दुसरी परीक्षा. साहेबानं विचारलं, "बॉयलर में प्रेशर कितना चाहिए?"

गणपतनं डोळे मिटले. ओठ हलायला लागले. साहेब वाट बघतोय. शेवटी मनातला आकडा मनात मावेना.

"दस!"

साहेब खुर्चीतून उठलाच. "दस पौंड? दस पौंड में तो चाय भी नहीं बनेगी!"

*

आता राहिली शेवटची पाळी. आप्पा म्हणाले, "सराव करायचा तर खऱ्या भीतीपुढं केला पायजे." गणपत साहेबाच्या खालोखाल भ्यायचा सासूला! राहू गावाहून म्हातारीला बोलावलं, खुर्चीवर बसवलं, डोक्यावर आप्पांची टोपी ठेवली. आप्पा तिच्या कानात सांगणार, ती विचारणार.

"काय वो जावईबापू, बायलरातलं पानी आटलं तर काय कराल?"

गणपतला दरदरून घाम. "तुमी म्हनाल तसं, मामी!"

म्हातारी आप्पांकडं वळली. "करा की ओ पास! येवढा ऐकतोय माझा जावई."

*

मग गणपत देवांकडं वळला. मारुतीला नारळ, पिराला चादर, आणि रूथबाईंच्या देवळात मेणबत्ती. कुणालाच वगळलं नाही. रूथबाई म्हणाल्या, "गणपतभाऊ, आता पास झालात तर वर भांडणं लागतील!"

*

तिसऱ्या परीक्षेच्या सकाळी ताराच्या हातून मीठ दोनदा पडलं. मी म्हटलं, "मी बसते तुझ्यापाशी." बसले कसली, अर्धा वेळ दारातच उभी होते.

दुपार कलली तसे आप्पा ड्रायव्हर लायनीत शिरले ते ओरडतच. "तारे! पास झाला गं तुझा नवरा! हेडक्लार्कनं सोता सांगितलं मला!" तारा मटकन खाली बसली. रूथबाईंनी तिला पाणी पाजलं. मी हळदीकुंकवाचं ताट केलं. सगळी लायन जमली, पण नवरदेवाचाच पत्ता नाही.

तोवर शिपायानं हकिकत सांगितली. परीक्षा घ्यायला नवाच पोरगेला साहेब आलेला, आपल्यातलाच, मराठी. त्याचीही पहिलीच वेळ. आणि मोठा साहेब मागं खुर्ची टाकून बसलेला, याला काम जमतंय का ते बघायला! धाकट्या साहेबाच्या हातातून पेन पडलं. गणपतनं उचलून दिलं. परत पडलं. परत दिलं.

"सायेब, दमानं घ्या," गणपत हळूच म्हणाला. "पयल्यांदा समद्यांचंच आसं हुतं. मी दोन डाव आपटलोय. बिनघोर इचारा."

साहेबानं एक विचारलं, यानं धडाधड सांगितलं. दुसरं विचारलं, तेही सांगितलं. पुढचं साहेबाला आठवेना, तर गणपतच म्हणाला, "आता पान्याचं इचारतात, सायेब. मग ब्रेकचं." आणि विचारायच्या आधीच दोन्ही सांगून मोकळा!

एवढ्यात गणपत आला. चेहरा उतरलेला, चालणं जड. स्टेशनवर जाऊन धाकट्या साहेबाला पुण्याच्या गाडीत खिडकीची जागा धरून देऊन, चहा पाजून आला होता.

तारा ताट घेऊन पुढं धावली. "अवं, तुमी पास झालात! डायवर झालात!"

गणपतनं तिच्याकडं बघितलंच नाही. आप्पांचा हात धरला आणि काकुळतीला येऊन म्हणाला, "माझं ऱ्हाऊ द्या ओ आप्पा. सायबाचं काय कळलं का?"